आरोपी सापडला नाही, तरी भरपाई मिळते का?

हो, मिळू शकते. तुमच्या भावाला रात्री मारहाण करून पळून गेलेले कोण होते ते कळलंच नाही, म्हणून हात टेकू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार आरोपीचा पत्ता नसेल, खटला उभा राहिला नसेल, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी कार्यालय) भरपाईसाठी अर्ज करता येतो. चौकशी २ महिन्यांत संपवायची असते. कोल्हापुरात हे कार्यालय कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे. एफआयआरची प्रत (ती फुकट मिळते, हक्कानं मागा), सीपीआरचे (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचे) उपचाराचे कागद, बिलं जपून ठेवा. अर्ज जमत नसेल तर १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा. भावाला एकटं पडू देऊ नका, सोबत जा.