विद्यापीठात गणितात मागे राहणाऱ्या मुलींना आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना जादा शिकवणी लावावी का?

नको. एकत्र बसायला जागा द्या आणि अवघड गणितं द्या.

१९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी नापास होत. तयारी कच्ची, जिद्द कमी, घरचा पाठिंबा नाही, असं प्राध्यापक समजत. गणितज्ञ उरी ट्राइसमन यांनी तिथले विद्यार्थी अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिलं, तेव्हा यातलं काहीच टिकलं नाही. मुलं भरपूर मेहनत करत होती, पण एकटी. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र जमून एकमेकांची उत्तरं तपासायचे, त्यामुळे अडलेलं गणित सगळ्यांनाच अडलंय हे त्यांना कळायचं. एकट्याला वाटतं, मलाच येत नाही. हा समज फार जीवघेणा!

ट्राइसमन यांच्या कार्यशाळेत सोपी उजळणी नव्हती. गटाने सोडवायची, चांगली कठीण गणितं होती. निकाल स्पष्ट सुधारले.

मुलींसाठीही हेच करा. गटात एकच मुलगी ठेवू नका. 'तू एम.एस्सी. कर' हे तिला नाव घेऊन सांगा. आणि आपल्याकडे १९९३पासून चालणाऱ्या एमटीटीएस या उन्हाळी गणित शिबिराचा अर्ज तिच्याशेजारी बसून भरून घ्या.