गर्दुल्ला म्हणावं का?

कळव्याहून एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय: महापालिकेला द्यायच्या पत्रात 'पुलाखाली गर्दुल्ल्यांचा वावर वाढला आहे' असं लिहिलं, तर एक सभासद ताई अडून बसल्या. ही शिवी आहे, 'व्यसनाधीन व्यक्ती' लिहा. कोण बरोबर?

शब्द तसा अलीकडचा. फारसीत गर्द म्हणजे धूळ. 1980च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, पुड्यांतून विकलं जायला लागलं, त्या भुकटीचं नाव पडलं गर्द. दारूवरून दारुडा, गांज्यावरून गांजेकस, तसा गर्दुल्ला. मला मौज वाटते त्या शेपटाची. तान्हुला, सोनुला, छकुला यांतला 'उला' लाडाचा आहे. इथे ल जोडून आला आणि लाड पार गेला. पुरावा विचाराल तर फक्त माझा कान.

पिणारे स्वतःला गर्दुल्ला म्हणवत नाहीत. 'पावडर पितो' म्हणतात. माल मिळाला नाही की हाडं ठणकतात, नाक-डोळे वाहतात, ती 'टर्की'.

आता अडचण. शब्द होता एका पदार्थापुरता, झाला एका अवताराचा. परवा सकाळी वाशी-ठाणे लोकलमध्ये दाराशी एक पोरगा बसल्या बसल्या पेंगत होता. 'ए गर्दुल्ल्या, सरक!' कुणीतरी खेकसलं. पोराच्या केसांत कांद्याची सालं अडकली होती; रात्रभर एपीएमसीत पोती उतरवून घरी निघाला होता. उलट, टॉवरमधला मुलगा तेच हेरॉइन घेत असेल तर आपण हळू आवाजात म्हणतो, 'त्याला जरा प्रॉब्लेम आहे.' 2019च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांत देशात सगळ्यात जास्त वापर आता हेरॉइनचा आहे, अफूला त्याने मागे टाकलं. एवढे सगळे काही पुलाखाली राहत नाहीत.

तेव्हा ताईंचा आक्षेप मला मान्य. पण त्यांचा शब्दही तपासू. संस्कृतात व्यसन म्हणजे खोड आणि संकटही. कौटिल्याने राज्यावरच्या आपत्तींनाही व्यसनंच म्हटलंय. हा दुसरा अर्थ आपण हरवला, खोड तेवढी ठेवली. त्यातून आली 'व्यसनमुक्ती', आणि मुक्ती म्हटली की अर्धीमुर्धी चालत नाही. सरकारी केंद्रांत हेरॉइन सोडवायला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला देतात, कित्येकांना महिनोन्‌महिने. माणूस कामावर जातो, सुई सुटते, पण नातेवाईक विचारतात, 'मग मुक्त कुठे झाला?' मधुमेहाच्या गोळीला हा प्रश्न कुणी विचारत नाही. इथे भांडण औषधाशी नाही, आपल्याच शब्दाशी आहे. मी तरी 'उपचार चालू आहेत' एवढंच म्हणेन. कायदाही थोडा नरम आहे: 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात सेवन गुन्हा खरा, पण सेवनाचा किंवा थोड्याशा मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल, तर कलम 64अ त्याला खटल्यातून सोडतं.

कथेतल्या हवालदाराच्या तोंडी गर्दुल्ला खुशाल घाला, तिथे तो शोभतो. पत्रात मात्र दोन्ही शब्द नकोत. कोण कसला आहे हे सोसायटीने कशाला ठरवायचं? 'पुलाखालचे दिवे बंद आहेत, रात्री तिथे नशा केली जाते, वापरलेल्या सुया पडलेल्या असतात' असं, जे दिसलं तेवढंच लिहा. सुया दिसल्या नसतील तर त्याही गाळा.