लाल कोबा, हिरवी पट्टी आणि स्फटिकातले चुंबक

प्रश्न : आमच्या घराच्या पडवीत लाल कोबा असून त्याच्या कडेने हिरवी पट्टी ओढलेली आहे. लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा आणि हिरवा क्रोमियमच्या ऑक्साइडचा, असे गवंडीकाकांनी सांगितले. विद्युत क्षेत्रात क्रोमियम ऑक्साइड चुंबकीय होते, असे मी वाचले. मग लाल ऑक्साइड तसे का वागत नाही? वीज आणि चुंबकत्व यांचा संबंध तर आधीपासून ठाऊक आहे, मग यात वेगळे काय? आणि हे पडवीत करून पाहता येईल का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कणकवली

उत्तर : ओरस्टेड यांना १८२० मध्ये होकायंत्राची सुई हललेली दिसली ती तारेतून प्रवाह वाहत होता म्हणून, आणि जनित्रात वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलत राहते म्हणून. क्रोमियम ऑक्साइडचा स्फटिक मात्र विद्युतरोधक आहे. त्याला स्थिर विद्युतदाब दिला, तर प्रवाह जवळजवळ वाहत नाही आणि तरीही त्याच्या अंगी थोडे चुंबकत्व येते. उलट, स्थिर चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास त्याचे विद्युत ध्रुवण होते, म्हणजे त्यातले धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकतात. वेगळेपण ते हेच.

तुमचा लाल-हिरव्याचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण दोन्ही ऑक्साइडांची स्फटिकरचना एकाच घडणीची, माणकासारखी, आहे. या रचनेत मुख्य अक्षावर धातूचे चार अणू ओळीने येतात, आणि ओळीच्या मध्यबिंदूभोवती उलटापालट केली की पहिला चौथ्याच्या, तर दुसरा तिसऱ्याच्या जागी जातो. प्रत्येक अणू म्हणजे एक सूक्ष्म चुंबक, आणि अशा उलटापालटीत त्या चुंबकाची दिशा बदलत नाही. लाल ऑक्साइडमध्ये, म्हणजे हेमटाइटमध्ये, या दिशा ‘सुलट, उलट, उलट, सुलट’ अशा असतात. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य जसे दोन्हीकडून सारखेच वाचता येते, तशीच ही ओळ. क्रोमियम ऑक्साइडमध्ये मात्र क्रम ‘सुलट, उलट, सुलट, उलट’ असा असतो, आणि तो मागून वाचला की बदलतो.

एरवी दोन्हींत सुलट आणि उलट चुंबक एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे काटतात. विद्युत क्षेत्र लावले, की धातूचे धनभारित आयन ऑक्सिजनच्या तुलनेत किंचित सरकतात. ओळीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या जागा एका प्रकारच्या, तर दुसरी आणि चौथी दुसऱ्या प्रकारच्या; एका प्रकारच्या जागांवरच्या आयनांना भोवतालचा ऑक्सिजन अधिक जवळ येतो, दुसऱ्या प्रकारच्या जागांवर तो दूर होतो. क्रोमियम ऑक्साइडमध्ये सगळे सुलट चुंबक पहिल्या प्रकारच्या जागांवर आणि सगळे उलट दुसऱ्या प्रकारच्या जागांवर असल्यामुळे हा फरक थेट त्यांच्या बळात उतरतो आणि बेरीज शून्य राहत नाही. हेमटाइटमध्ये दोन्ही प्रकारच्या जागांवर सुलट-उलट सारखेच वाटलेले असल्याने काटाकाट तशीच टिकते.

अशा पदार्थांची शक्यता पिएर क्युरी यांनी १८९४ मध्येच सममितीवरून वर्तवली होती. क्रोमियम ऑक्साइडचे नाव घेऊन भाकीत केले ते झ्यालोशिन्स्की यांनी, १९५९ मध्ये; अस्त्रोव यांनी पुढच्याच वर्षी ते प्रयोगाने दाखवले, आणि १९६१ मध्ये रॅडो व फोलेन यांनी चुंबकीय क्षेत्राने होणारे ध्रुवणही मोजले. हेमटाइटच्या अंगी जे क्षीण चुंबकत्व असते, त्याचा उलगडाही झ्यालोशिन्स्की यांनीच केला होता. एकाच घडणीच्या दोन खनिजांकडे त्यांनी किती बारकाईने पाहिले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पडवीत मात्र हे दिसणार नाही. पट्टीतल्या रंगाचे कण वाटेल त्या दिशांना पडलेले असतात, आणि एकसंध स्फटिकातही काही भागांत क्रम ‘सुलट’पासून, तर काही भागांत ‘उलट’पासून सुरू होत असल्याने परिणाम आपापसांत फिटतो. त्यासाठी स्फटिक तापवून, विद्युत आणि चुंबकीय ही दोन्ही क्षेत्रे एकाच वेळी लावून तो थंड करावा लागतो. एवढे केल्यावरही एक मिलिमीटर जाडीच्या स्फटिकाला १,००० व्होल्ट दिले, तर मिळणारे चुंबकत्व अनुकूल तापमानालाही सुमारे ४ मायक्रोटेस्ला, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण एक दशांश भरते. शिवाय ३०७ केल्विन, म्हणजे सुमारे ३४ अंश सेल्सिअसच्या वर ही सुलट-उलट ओळच मोडते. वैशाखातल्या दुपारी कणकवलीत उन्हाने तापलेल्या पट्टीत ती उरलेलीच नसते.