कॉम्प्युटेशनल केमिस्ट व्हायचं आहे, गोव्यात राहून जमेल का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, प्रयोगशाळेपेक्षा संगणकावर मन रमतं, तर रेणूंची गणितं संगणकावर करण्याच्या या वाटेला जावं का, गोव्यात राहून जमेल का आणि छंदांना वेळ उरतो का.

मी फोंड्याची. एमएस्सी गोवा विद्यापीठात, पीएचडी पुण्याला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आता परत गोव्यात शिकवते आणि संशोधन करते.

नुसता प्रयोगशाळेचा कंटाळा आलाय म्हणून इकडे येऊ नका. रसायनशास्त्राची ओढ असेल तर जरूर या. संगणक आकडा देतोच, काहीही विचारलं तरी देतो. तो पटण्यासारखा आहे का, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

माझं काम अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या उत्प्रेरकांवर आहे. जुना बंध तुटून नवा जुळताना मधे जी ट्रान्झिशन स्टेट येते, ती बाटलीत भरून ठेवता येत नाही, गणितानेच शोधावी लागते. ती सापडली असेल तर रेणूच्या कंपनांच्या यादीत नेमकी एक काल्पनिक, म्हणजे उणे संख्येच्या वर्गमूळाची, वारंवारता येते, आउटपुट फाइलमध्ये उणे चिन्ह लावून छापलेली. विद्यार्थी तेवढ्यावर खूश होतात. मी त्यांना ते कंपन स्क्रीनवर चालवून बघायला लावते. जो हायड्रोजन एका अणूकडून दुसऱ्याकडे जायला हवा तोच हलतोय, की कोपऱ्यातला मिथाइल गट गिरक्या घेतोय? मिथाइल असेल तर गणित कितीही दिवस चाललेलं असो, बाद.

इतकी काटेकोरी लागते, कारण खोलीच्या तापमानाला ट्रान्झिशन स्टेटपर्यंत चढायला लागणाऱ्या, म्हणजे अडथळ्याच्या ऊर्जेत १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढी चूक झाली तरी अभिक्रियेचा वेग दहापट चुकतो. अचूक पद्धती आहेत, पण महाग. त्यातल्या सीसीएसडी(टी) या पद्धतीत रेणू दुप्पट मोठा घेतला की खर्च, म्हणजे संगणकाचा वेळ, सुमारे १२८ पट होतो. म्हणून रोजच्या कामाला डीएफटी ही इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर आधारलेली स्वस्त पद्धत. तिचा पाया घालणारे वॉल्टर कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, जॉन पोपल यांच्या जोडीने.

पीएचडी गोव्यात होऊ शकते, विद्यापीठात किंवा झुआरीनगरच्या बिट्समध्ये. नेट आणि गेट या पात्रता परीक्षांची तयारी आत्तापासून करा, लिनक्स आणि पायथनही शिका. नोकरीचं मात्र स्पष्ट सांगते. वेर्ण्याला औषध कंपन्या आहेत, पण तिथलं काम मुख्यतः उत्पादनाचं. संगणकावर औषधं शोधणारे गट बंगळूर, हैदराबाद, पुण्याकडे. काही वर्षं बाहेर काढायची तयारी ठेवा.

छंदांना वेळ उरतो, आणि काढावाच. मी चवथीच्या आरत्यांना घुमट हे मातीच्या भांड्याचं वाद्य वाजवते. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं असतं. पावसाळी हवेत ते सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी शेकून घ्यावं लागतं. संध्याकाळी क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, गणिताचा जॉब लावायचा आणि सरावाला जायचं. त्या वेळात मी फोन बघत नाही.

या आठवड्यात एक करून बघा. ऑर्का हे अशा गणितांचं सॉफ्टवेअर शैक्षणिक कामासाठी फुकट मिळतं. त्यात हार्ट्री-फॉक या पायाभूत, साध्या पद्धतीने फ्लोरीनच्या रेणूची ऊर्जा काढा, मग दोन सुट्या फ्लोरीन अणूंची. उत्तर येईल की हे अणू वेगळे राहिलेलेच बरे, बंध होतच नाही! प्रत्यक्षात फ्लोरीन सिलिंडरमध्ये भरून विकला जातो. असं का आलं, याच्या मागे रात्री उशिरापर्यंत बसावंसं वाटलं तर पीएचडीसाठी अर्ज भरा.