‘आता कळून काय उपयोग?’

प्रौढ वयात एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड जाणं, उतावळेपणा, अतिचंचलता ही त्याची लक्षणं) निदान झालेले बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात. ही त्यांच्यातलीच एक, ४७ वर्षांची. (ओळखीचे तपशील बदललेत.) मुलाच्या तपासणीत डॉक्टर लक्षणं विचारत होते आणि ही मनातल्या मनात स्वतःसाठी ‘हो’ म्हणत होती. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी तिचंही निदान केलं.

निदान तज्ज्ञांनीच करायचं, ऑनलाइन प्रश्नावलीने नव्हे. अपुरी झोप, थायरॉइड, चिंता, नैराश्य यांनीही लक्ष उडतं. शिवाय काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात, म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं असली तर शोधा. हिच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा : ‘हुशार, पण धांदरट.’ वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली अशाच नजरेतून सुटतात.

“म्हणजे मी आळशी नव्हते!” पहिल्या भेटीत ती हसली. तिसऱ्या भेटीत रडली. “मग इतकी वर्षं बोलणी का खाल्ली?” मी घाईघाईने वेळापत्रक आखून दिलं. चुकलंच माझं. पंधरा दिवस ती फिरकली नाही.

परत आली तेव्हा तळहातावर निळ्या शाईत लिहिलं होतं : गॅस, किल्ली, ५ वाजता मॅडम. माझी नजर गेली तशी तिने मूठ मिटली.

“हे कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. पाचवीपासून लिहिते. वेंधळेपणा, दुसरं काय!”

“विसरू नये म्हणून हातावर लिहिणाऱ्या पाचवीतल्या मुलीला तुम्ही वेंधळी म्हणाल?”

बराच वेळ ती गप्प. मग मूठ उघडली आणि एकेक युक्ती सांगू लागली. दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी. दहा मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ. मैत्रीण शेजारी बसली तरच उरकणारे हिशेब. मी मोजत होते, १४ झाल्या.

प्रसंगापेक्षा त्याला आपण दिलेलं नाव माणसाला जास्त छळतं, हे माझं जुनं मत. निदानाचा उपयोग मला इथे दिसतो. औषधांना बिचकू नका, प्रौढांनाही ती उपयोगी पडतात. रक्तदाब, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पण वर्षानुवर्षं स्वतःला घातलेल्या शिव्या गोळीने जात नाहीत, त्या एकेक करून तपासाव्या लागतात. हुकलेल्या वर्षांचा राग येईल, येऊ द्या. आणि लक्षात ठेवायचं ते डोक्यात न ठेवता डोळ्यांसमोर ठेवा.

महिन्याभराने मी विचारलं, “माझ्या त्या वेळापत्रकाचं काय झालं?”

“हरवलं,” ती म्हणाली. या वेळी मान खाली घातली नाही.