आधी वेचणीचे पैसे

प्रश्न : मी शहादा तालुक्यातली. यजमान आमच्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच आहेत. गेल्या महिन्यात भगिनी सभेत मी वचनातून संदेश दिला. त्यांनी मना केलं होतं, तरी बोलले. पाळकांनी घरी येऊन इफिस 5:22 वाचून दाखवलं आणि पश्चात्ताप करायला सांगितलं. तेव्हापासून घरात अबोला आहे. त्यात भाव नाही म्हणून कापूस घरातच पडून. वेचणीच्या बायकांचे नाताळाआधीपासूनचे वीस-बावीस हजार राहिलेत. त्या धडगावकडच्या, शेतावरच पाल टाकून राहतात. वही मी लिहिते म्हणून संध्याकाळी मलाच विचारायला दारात येऊन बसतात, मग यजमान आणखी चिडतात. चर्चच्या पत्र्यांसाठी बोललेले 15,000 त्यांनी पाकिटात घालून कपाटात ठेवलेत, येत्या रविवारी द्यायचेत. ते तापट आहेत, पण हात उचलत नाहीत. बायको म्हणून माझ्या हातून पाप झालं का?

उत्तर : ताई, संदेश दिलात यात पाप नाही. पाळकांनी 22वं वचन वाचलं, त्याच्या आधीचं 21वं वाचलं नाही. तिथे एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलंय. आणि 25व्यात नवऱ्याने बायकोसाठी स्वतःला देऊन टाकावं असं आहे. अपुल्लोसासारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्या दोघांत प्रिस्किल्ला होती (प्रेषितांची कृत्ये 18:26). आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. या प्रश्नाला एवढं पुरे.

मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या बायका दारात येऊन बसतात हे तुम्ही घरातल्या कटकटींमध्ये लिहून मोकळ्या झालात. महिनाभर स्वतःचं पाप शोधताय आणि ते रोज संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येऊन बसतंय.

बायबलमधलं अनुवाद 24:14-15 काढा. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा सगळा जीव त्या पैशांत असतो; त्याने परमेश्वराकडे गाऱ्हाणं केलं तर ते तुमच्या माथी पाप. मजूर आपल्यातला असो की बाहेरून आलेला, नियम एकच. त्यामुळे या बायका तुमच्या मंडळीतल्या नाहीत, हीसुद्धा सबब नाही. लेवीय 19:13 तर सकाळपर्यंतसुद्धा मजुरी ठेवू देत नाही. याकोब 5:4 मध्ये अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि तो आवाज प्रभूच्या कानी जातो.

‘भाव नाही’ हे खरं आहे, खान्देशात घरोघरी कापूस त्याच पायी पडून असतो. पण भावाची जोखीम ज्याचा कापूस त्याची. क्विंटलमागे 500 चढले असते तर वेचणीचा दर रुपयाने तरी वाढवला असता का? मग भाव पडल्यावर थांबायचं त्यांनी का?

तुम्ही म्हणाल, पैसे देणं-न देणं यजमानांच्या हातात. प्रेषितांची कृत्ये 5 मधली सप्पीराही असंच म्हणू शकली असती. जमीन विकून काही पैसे मागे ठेवले आणि सगळे दिले असं दाखवलं नवरा-बायकोने, पण पेत्राने दोघांना एकत्र उभं केलं नाही. ती तीन तासांनी आली तेव्हा तिला वेगळं विचारलं: जमीन एवढ्यालाच विकलीत का? नवऱ्याने ठरवलेलं उत्तर तिने दिलं आणि ते तिचं स्वतःचं धरलं गेलं. तुमच्याकडे तर वही आहे. कुणाचे किती किलो, हे घरात सगळ्यांत नीट तुम्हालाच माहीत.

आणि नाबालाची बायको अबीगईल आठवा (1 शमुवेल 25). नाबालाच्या मेंढपाळांची राखण दावीदाच्या माणसांनी केली होती. कातरणीच्या दिवसांत ती माणसं खायला मागायला आली तर नाबालाने हाकलून लावलं. अबीगईलने 200 भाकरी, 5 मेंढरांचं रांधलेलं मांस, हुरडा, मनुका, अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादल्या आणि नवऱ्याला न सांगता निघाली. सांगितलं दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याची दारू उतरल्यावर. शास्त्र तिला कुठेही दोष देत नाही.

तुम्ही मात्र लपवू नका. आज रात्री वही काढा. प्रत्येकीचे किलो वेगळे जोडा. टोळीची एकच रक्कम काढली की ती मुकादमाच्या हातात जाते, तो आधी आपली उचल कापतो आणि बाईच्या पदरात काय पडलं ते कुणालाच कळत नाही. तुम्ही स्वतः दिलेली उचल तेवढी वजा करा. सकाळच्या काट्याला दवाची तूट धरली असेल तर ठीक. दुपारच्या काट्यालाही किलो तोडला असेल तर तो परत जोडा, तेव्हा कापूस सुकलेला असतो. गाठोड्याचं फडकं एकदा रिकामं काट्यावर टाका, तेवढंच वजन वजा होईल.

उद्या सकाळी, चहाच्या वेळी, यजमानांना हिशेब दाखवा आणि म्हणा, “कपाटातले 15,000 आज या बायकांना देतेय. उरलेल्यासाठी एखादा क्विंटल गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला घालू.” विचारू नका, सांगा. चिडले तर मत्तय 5:23-24 पुढे ठेवा: भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन त्याच्याशी समेट करायचा. पत्रे पुढच्या हंगामात बसतील. तरीही पाकीट देईनात, तर शनिवारी वही घेऊन पाळकांकडे जा आणि यजमानांसमोर विचारा की हे पैसे चर्च घेणार का. ज्यांनी तुमच्या घरात इफिसकरांस पत्र उघडलं, त्यांना याकोबाचंही उघडता येईल.

होळीला ही माणसं वर सातपुड्यात जातील, त्याआधी त्यांचा भोंगऱ्या बाजार, होळीच्या खरेदीचा. त्याच्या आत प्रत्येकीच्या हातात नोटा मोजून द्या, वहीत सही किंवा अंगठा घ्या. फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर ठेवलेल्या पिकाचा, वेचा राहिला असेल तर त्याचे पैसे काटा झाला की त्याच संध्याकाळी.