'इतिवृत्त कायम करणे' म्हणजे नक्की काय कायम होतं?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. सभेची नोटीस घरी आली, सोबत विषयपत्रिका. पहिलाच विषय: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' मागच्या सभेत कचरा उचलण्याच्या ठेक्याला मुदतवाढ देण्याचा विषय होता. ताईंनी विरोध केला, तरी ठराव झाला. आता त्या विचारतात, "पहिल्या विषयाला मी हात वर केला तर माझा विरोध गेला, असं होतं का? आणि एकदा कायम झालं की तो ठराव कायमचाच का?" जाता जाता त्यांनी असंही विचारलंय की पालिकेतले झाडून सगळे सभेच्या नोंदीच्या वहीला 'प्रोसिडिंग' म्हणतात, मग इतिवृत्त बरोबर की प्रोसिडिंग?

आधी सरळ उत्तर. विरोध जात नाही आणि ठराव कायमचा होत नाही. कायम होते ती फक्त नोंद. 'मागच्या सभेत जे घडलं ते इथे खरंखुरं लिहिलं आहे' एवढंच सभागृह पहिल्या विषयात मान्य करतं. जे घडलं ते चांगलं की वाईट, हा तिथे प्रश्नच नसतो. तेव्हा ज्या ठरावाला तुम्ही कडाडून विरोध केलात, त्याचं इतिवृत्त तुम्ही खुशाल कायम करू शकता. अट एकच: तुमचा विरोध त्यात लिहिलेला असला पाहिजे. याकडे पुढे येतो, कारण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

गोंधळ होतो तो 'कायम'च्या आजच्या अर्थामुळे. बोलताना आपण कायम म्हणजे 'नेहमी' असंच धरून चालतो. 'तो कायम उशिरा येतो', 'ह्यांचं कायम असंच', खेड्यात 'काईमचीच कटकट'. त्यावरून 'कायम करणे' म्हणजे सदासर्वकाळासाठी ठोकून टाकणे असं वाटलं तर नवल नाही. पण हा अर्थ शब्दाला मागाहून चिकटला आहे. कायम हा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला, आणि त्याच्या मुळाशी आहे 'उभं राहणं'. कायम म्हणजे उभा असलेला, टिकून असलेला, पक्का. त्याच धातूतून मुक्काम आला, जिथे माणूस थांबतो ती जागा. कयामतही त्याच घरातली, कारण त्या दिवशी मेलेले उठून उभे राहतात अशी कल्पना. (गंमत म्हणजे 'कायदा' दिसायला कायमचा सख्खा भाऊ, पण त्याचं घराणं वेगळं. त्याचा धातू 'बसणं' या अर्थाचा. कायदा म्हणजे मुळात बैठक, पाया. म्हणजे नगरपालिकेत कायम उभा आणि कायदा बसलेला.)

हा 'पक्का करणे' अर्थ मराठीत आजही जिवंत आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष जात नाही. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, म्हणजे खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा ढळली नाही, उभी राहिली. दोन वर्षांची शिक्षा कायम झाली तर ती दोनच वर्षांची राहते, जन्मठेप होत नाही. एखादा कारकून नोकरीत कायम होतो, पण अठ्ठावन्नाव्या की साठाव्या वर्षी निवृत्त होतोच. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये जो सारा बांधून दिला त्याला आपण शाळेत 'कायमधारा' म्हणून शिकलो. त्यात मात्र 'ठरलेला' आणि 'बेमुदत' हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. कदाचित अशाच जागांवरून शब्द 'पक्का'कडून 'नेहमीचा'कडे सरकला असावा.

पालिकेच्या इंग्रजी कारभारात सभेचा वृत्तांत 'कन्फर्म' होत असे, नोकरही कन्फर्म होत आणि शिक्षाही. मराठीत या तिन्ही ठिकाणी एकटा 'कायम' उभा राहिला, आणि चोख उभा राहिला. रेल्वेचं तिकीट तेवढं कायम झालं नाही. ते कन्फर्मच राहिलं.

पालिकेच्या आवारात तर हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. वरच्या सभागृहात सभेचा पहिला विषय 'कायम करणे', आणि खाली फाटकापाशी कंत्राटी सफाई कामगार बसलेले, त्यांच्या फलकावरही 'आम्हाला कायम करा'. वरचं कायम दोन मिनिटांत होतं. खालच्यासाठी आकृतीबंध (म्हणजे कुठली पदं किती, याचा आराखडा), मंजूर पदं, शासनाची मान्यता आणि बहुधा औद्योगिक न्यायालय अशा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आता 'वाचून'कडे बघू. विषयपत्रिकेत 'वाचून कायम करणे' लिहिलेलं असतं, पण वाचन क्वचितच होतं. प्रती आधी वाटलेल्या असतात, मग 'इतिवृत्त वाचले असे समजून कायम करण्यात यावे' असं कुणीतरी सुचवतं, दुसरं कुणी अनुमोदन देतं आणि सभा विषय क्रमांक दोनवर जाते. इतिवृत्तात खाली 'सूचक' आणि 'अनुमोदक' म्हणून त्या दोघांची नावं येतात. ताई, तुम्ही नवीन आहात म्हणून आवर्जून सांगतो: पहिल्या विषयाला चहा येतो आणि मंडळी इकडचं तिकडचं बोलतात, पण सभेतला सर्वांत महत्त्वाचा विषय अनेकदा तोच असतो.

कारण इतिवृत्तात एक शब्द इकडचा तिकडे झाला की सभेत जे घडलं ते कागदावर वेगळंच उरतं. तुमच्या ठेक्याच्या ठरावाखाली काय लिहिलंय ते पाहा. 'बहुमताने मंजूर' असेल आणि विरोध करणाऱ्यांत तुमचं नाव असेल, तर निश्चिंतपणे हात वर करा. पण तिथे 'सर्वानुमते मंजूर' असेल, तर बोलण्याची जागा हीच, पहिला विषय. ठेक्यावर पुन्हा भाषण करू नका. अध्यक्ष लगेच 'हा विषय आता नाही' म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. एवढंच म्हणा, 'ठराव क्रमांक अमुक सर्वानुमते झालेला नाही, माझा विरोध नोंदवला गेलेला नाही, तशी दुरुस्ती करावी.' ती मान्य झाली की नोंद पडते: 'दुरुस्तीसह कायम करण्यात येत आहे.' हे 'दुरुस्तीसह' फार मोलाचं आहे. मान्य झालं नाही तर तेही लेखी द्या आणि पोच घ्या.

'सर्वानुमते'बद्दल थोडं, कारण 'एकमताने' आणि 'सर्वानुमते' एकच का, असा पुढचा प्रश्न हटकून येतो. वापरात लोक ते एकच धरतात. शब्द मात्र वेगळं सांगतात. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत एकच. सर्वानुमते म्हणजे सर्वांच्या अनुमतीने. संस्कृतात 'अनुमते' हे रूप 'संमतीने' या अर्थाने येतं, तेच आपण जसंच्या तसं उचललं. अनुमती देणाऱ्याचं मत तेच असायला हवं असं नाही. त्याने अडवलं नाही, एवढं पुरे. म्हणून विषय पटलेला नसताना गप्प बसलेल्याचं मौन 'सर्वानुमते'त आरामात मावतं, 'एकमताने'त मावू नये. पण तोंडाने विरोध केलेला माणूस दोन्हीत बसत नाही. तिथे 'बहुमताने' हाच शब्द.

मग ठराव अमलात कधी येतो? सभाशास्त्राच्या हिशेबाने ठराव मंजूर झाला तेव्हाच तो सभेचा निर्णय झाला. इतिवृत्त कायम होणं ही पुढची, नोंदीची पायरी. व्यवहारात मात्र प्रशासन पुष्कळदा इतिवृत्त कायम व्हायची वाट पाहतं, कारण हातात पक्का कागद हवा असतो. त्यावर आपल्या पालिकांनी एक अस्सल मराठी तोड काढली आहे. घाईच्या ठरावाच्या शेपटीला वाक्य जोडतात: 'इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता या ठरावाची अंमलबजावणी करण्यात यावी.' कुठल्या ठरावाला ही शेपटी लागली आहे यावर लक्ष ठेवा. कधी ती पाणीटंचाईच्या टँकरसाठी असते आणि गरजेची असते. कधी नसते.

आणि 'कायमचा' ठराव असं तर काही नसतंच. तेच सभागृह रीतसर विषय घेऊन, कायद्याच्या अटी पाळून आधीचा ठराव बदलू शकतं, रद्द करू शकतं. वरून सरकारचाही हात असतो. नगरपरिषदांना 1965 चा अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी रोखू शकतात. महानगरपालिकांच्या 1949 च्या अधिनियमात कलम 451 आहे, त्याखाली राज्य शासन ठराव आधी निलंबित आणि मग 'विखंडित', म्हणजे रद्द, करतं. विखंडित! मूर्ती भंगावी तसा ठराव भंगतो. महापालिकांच्या बातम्यांत 'ठराव विखंडनासाठी शासनाकडे' हे वाक्य वरचेवर दिसतं, आणि रोजच्या मराठीत हा शब्द दुसरीकडे कुठे सापडणार नाही. इतिवृत्त रीतसर कायम झालेलं असलं तरी ठराव विखंडित होऊ शकतो. यावरूनच दिसेल की या दोन क्रिया दोन वेगळ्या गोष्टींवर होतात.

काही जण सुचवतात की 'कायम करणे' दिशाभूल करतं, त्याऐवजी 'इतिवृत्ताची पुष्टी करणे' म्हणावं. मला पटत नाही. पुष्टी हा हिंदी बातम्यांतून आलेला वापर आहे. मराठीत पुष्टी म्हणजे दुजोरा, बळ, नाहीतर अंगावर धरलेलं मांस. इतिवृत्ताला बळ द्यायचं नाहीये, ते पक्कं करायचं आहे. सहकारी संस्था, पतपेढ्या, गृहनिर्माण सोसायट्या, शाळा समित्या, ग्रामपंचायती या सगळ्यांच्या विषयपत्रिकेवर पिढ्यान् पिढ्या हाच शब्द आहे. तो बदलून गोंधळ कमी होणार नाही. महाराष्ट्रात 2022 मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, त्यानंतर जुन्या शब्दांना नवे पर्याय काढण्याची हौस वाढल्यासारखी वाटते. त्या हौसेने कायमला हात लावू नये.

राहिलं इतिवृत्त की प्रोसिडिंग. 'इति वृत्तम्', असं घडलं. गंमत म्हणजे संस्कृतात हा शब्द नाटकवाल्यांचा आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात इतिवृत्त म्हणजे नाटकाचं कथानक, आणि ते नाटकाचं शरीर असं म्हटलं आहे. नगरपालिकेने तो शब्द उचलला यात काही हेतू नसावा, पण एखादी सभा पाहिल्यावर शंका येते. कागदावर इतिवृत्तच लिहायचं. 'कार्यवृत्त' आणि 'सभावृत्तांत' हेही चालतात, अर्थ तोच.

असे पाठभेद गावोगावी आहेत. पुण्याला विषयपत्रिकेची 'कार्यपत्रिका' होते आणि सर्वसाधारण सभेची 'मुख्य सभा', तीच ठाण्या-नाशकात 'महासभा'. सभेचं दप्तर सांभाळणारा अधिकारी बहुतेक महापालिकांत 'नगरसचिव', मुंबईत मात्र अजून 'चिटणीस', पेशवाईतून उठून आल्यासारखा. तुमच्याकडे, म्हणजे साताऱ्या-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात, वाक्याच्या शेवटी 'कायम करणेत येत आहे' असंही दिसेल. ही 'करणेत', 'मिळणेबाबत', 'होणेकामी' वळणाची रूपं तिथल्या दप्तरी मराठीची खास चाल आहेत. शुद्धलेखनवाले नाकं मुरडतात. अर्थ बिघडत नाही, तोवर मी मुरडणार नाही.

प्रोसिडिंग हा बोलण्यातला शब्द, आणि बोलण्यात तो उत्तम आहे. इंग्रजीतला नेमका शब्द अनेकवचनी, आपण त्याचा शेवटचा 'स' गाळला, त्याला नपुंसकलिंग दिलं आणि त्यातून वाक्प्रचार काढले. 'प्रोसिडिंगला घ्या' म्हणजे नोंदवा. 'प्रोसिडिंग लिहिलं का?' हा सभा लिपिकाला विचारायचा प्रश्न. 'ते प्रोसिडिंगला नाही' म्हणजे तुम्ही काहीही बोलला असाल, कागदावर ते नाही. तेव्हा ताई, सभेत उठून 'माझा विरोध प्रोसिडिंगला घ्या' असं म्हणायला अजिबात लाजू नका. फक्त लिपिक ते घेतोय ना, एवढं बघा, आणि सही झालेल्या इतिवृत्ताची प्रत मागून ठेवा.